पाचव्या वळणाचा ढाळ

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच तर ही अवजारांची शेड वर्षभर मी एकटा झाडीन. तेव्हा फावडी टेकवा भिंतीला, घमेली पालथी घाला आणि बसा. फक्त मध्येच ‘खरंच?’ म्हणून विचारू नका. तसं विचारलं की सांगणारा बिचकतो, खरं बोलायला लागतो, आणि चांगली गोष्ट हातची जाते.

तुम्ही आज ज्या पाचव्या वळणावर घाम गाळलात, तिथे दीड वर्षापूर्वी चिखल होता. चिखल म्हणजे आपला नेहमीचा, पाय धुतले की जाणारा, तसला नव्हे. त्या चिखलाला स्वभाव होता. टेकडीवरची पाण्याची टाकी रोज पहाटे भरून वाहायची. पंप बंद करणारा माणूस एका खात्याचा, टाकी दुसऱ्या खात्याची, आणि वाहून गेलेलं पाणी कुठल्याच खात्याचं नाही. ते पाणी सायकलींच्या वाटेने चार वळणं गुपचूप उतरायचं आणि पाचव्यावर येऊन बसकण मारायचं. जाड टायरच्या डोंगरी सायकली घेऊन पोरंपोरी वरून सुसाट यायची. पाचव्याला सायकल थांबायची आणि माणूस पुढे जायचा. एकाचा डावा बूट त्या चिखलाने गिळला, तो आजतागायत परत दिलेला नाही. दोन घमेली गेली, एक पहार गेली. ‘पुढे चिखल आहे’ असा फलक लावला होता, तोसुद्धा चिखलातच गेला.

तर हे वळण दुरुस्त करायला दर रविवारी सकाळी जी स्वयंसेवकांची टोळी जमायची, तिचे म्होरके होते फरशीवाले.

फरशीवाले म्हणजे दिसायला रुबाबदार, बोलायला गोड आणि कामात एक नंबर. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या हातून थोडा वेडेपणा होणार आहे. एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. फरशी तर कुणीही बसवेल. फरशीवाल्यांची ख्याती होती ढाळाची. नहाणीत पाण्याची बादली उपडी करा, पाणी आजूबाजूला न बघता सरळ जाळीकडे जाणार. काम संपलं की ते खिशातून काचेची एक हिरवी गोटी काढायचे, कोपऱ्यात ठेवायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. गोटी आपली आपण जाळीपाशी गेली की म्हणायचे, “झालं.” गेली नाही तर अख्खी फरशी उखडायचे. घरमालक रडकुंडीला यायचे, पण फरशीवाले ऐकायचे नाहीत.

मग गुडघे गेले. एक्केचाळीस वर्षं उकिडवं बसून काम केल्यावर गुडघे दुसरं काय करणार? डॉक्टरांनी सांगितलं, आता उकिडवं बसणं बंद, गुडघे टेकणं बंद, ओझं उचलणं बंद. घर तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा खाली उतरणंसुद्धा दिवसातून एकदाच. पहिले सहा महिने लोकांचे फोन आले. मग लोकांनी दुसरे फरशीवाले शोधले. घरात मुलगा होता, सून होती, दोघंही जीव लावणारी. पण सकाळी दोघं कामाला गेली की फरशीवाले स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जायचे, गॅलरीपासून परत स्वयंपाकघरापर्यंत यायचे, आणि मध्ये नहाणीत डोकावून आपलाच ढाळ बघायचे. ज्याला एक्केचाळीस वर्षं दहा माणसं रोज विचारत होती की काका, हे असं बरोबर आहे का, त्याला आता कुणी काही विचारेनासं झालं. हे दुखणं गुडघ्यापेक्षा वाईट. त्यावर मलम मिळत नाही.

अशात त्यांना टेकडीच्या बागेतली ही टोळी सापडली. घरी सांगितलं, फिरायला जातो. हातात पिशवी, पिशवीत थापी, दोरी आणि उतार मोजायची पाणसळ. फिरायला जाणाऱ्याला पाणसळ कशाला लागते, हे सुनेने विचारलं नाही. ती हुशार होती. एवढंच आता लक्षात ठेवा.

टोळी काय वर्णावी! एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. कुदळ अशी धरायच्या की जमिनीला भूल दिल्याशिवाय घाव घालायला त्यांचा हात धजायचा नाही. सकाळभर खणून त्यांचा वाटीएवढा खड्डा व्हायचा, पण स्वच्छ! दुसरा एक होता, त्याला सगळे फोटोवाला म्हणायचे. तो फावडं मारायचा, पण फक्त मोबाइल समोर असताना. बाकीची चार-पाच माणसं यायची, जायची, पाणी प्यायची, पुढच्या रविवारी लवकर यायचं ठरवायची आणि उशिरा यायची.

“काका, इथे बरोबर आहे का?” डॉक्टरीणबाई विचारायच्या.

“बाई, हे खणताय की कोरताय?”

“काका, एक फोटो. तुम्ही नुसतं वळणाकडे बोट दाखवा.”

“बोट दाखवू? हे फावडं दाखवतो तुला!”

चिडचिड व्हायची, पण काका, काका अशी हाक आली की फरशीवाल्यांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा माणूस यायचा. त्यांनी दोरी लावली, पाणसळ ठेवली आणि वळणाच्या वरच्या अंगाने एक तिरका चर आखला. पाणी वळणात शिरायच्या आधीच त्याला बाजूच्या गवताची वाट दाखवायची, एवढी साधी गोष्ट. एका रविवारात चर झाला. कडा अशा सरळ की त्यावर पट्टी ठेवून रेघा माराव्यात.

पुढच्या रविवारी येऊन बघतात तर चर गायब.

नुसता बुजवलेला नव्हता हो. बुजवून, ठोकून, वरून गुळगुळीत सपाट केलेला. आणि त्यावर वळणाच्या कडेकडेने, मैदानावर मारतात तशी, पांढऱ्या फक्कीची रेघ!

“घुशी असतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“घूस फक्की मारते?”

“मग पोरं असतील, खोडसाळ.”

“बाई, आजचं पोर खड्डा करील. भरायला जाईल का?”

पुन्हा खणला. आता जरा खोल. पुढच्या रविवारी पुन्हा सपाट, पुन्हा फक्की. तिसऱ्या वेळी फरशीवाल्यांनी चराच्या तोंडाशी दगड रचले. पुढच्या रविवारी ते दगड बाजूला चढत्या उंचीने ओळीत मांडून ठेवलेले, शाळेतल्या पोरांसारखे. चौथ्या वेळी पाटी लावली: ‘कृपया चर बुजवू नये.’ बुजवणाऱ्याने पाटी पुसून तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘कृपया खड्डे खणू नयेत.’ ते वाचून फरशीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या आगीवर त्या दिवशी शेडमधलं चहाचं पातेलं उकळलं, म्हणजे बघा. गॅस पेटवावाच लागला नाही.

आणि आता व्याही.

फरशीवाल्यांच्या सुनेचे वडील म्हणजे सर. शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. माणूस शिस्तीचा. चहासुद्धा असा प्यायचे की मनातल्या मनात एक-दोन, एक-दोन चाललंय असं वाटायचं. दर गुरुवारी ते लेकीकडे जेवायला यायचे. सून सासऱ्यांना बाबा म्हणायची आणि वडिलांना पप्पा, म्हणून टेबलावर घोटाळा होत नसे. व्याह्याव्याह्यांचं एरवी जमत नाही म्हणतात, पण या दोघांचं त्या दीड महिन्यात फार जमलं. कारण दोघांनाही एकच दुःख होतं.

“लोक फार बेजबाबदार झालेत, सर,” फरशीवाले म्हणाले. “मी आपला बागेत फिरायला जातो. तिथे लोक चांगलं काम करून ठेवतात आणि कोणी तरी येऊन त्याचा सत्यानाश करतं.”

सरांनी घास खाली ठेवला. “व्याही, माझ्या तोंडचं बोललात! मीही फिरायला जातो. डोळ्यांनी बघतोय. एवढी छान सपाटी केलेली असते आणि एक नतद्रष्ट येऊन ती उकरून ठेवतो.”

“हात मोडले पाहिजेत अशांचे.”

“मोडून काय उपयोग? मैदानाला पन्नास फेऱ्या!”

“पन्नास कमी पडतील, सर.”

“मग शंभर. तुम्ही म्हणाल तसं.”

आणि दोघांनी डोळ्यांत पाणी आणून एकमेकांना आग्रह करून वाढलं. सून दोघांकडे बघत होती. मग तिने दाराशी काढलेल्या चपला-बुटांकडे बघितलं. सासऱ्यांच्या बुटांना पिवळा चिखल. वडिलांच्या बुटांना पिवळा चिखल, वर पांढऱ्या पावडरीचा थर.

“दोघंही फिरायलाच जाता ना?” ती म्हणाली. “मग एकत्र जात जा की.”

“नको!” दोघं एकदम म्हणाले. एकाला डॉक्टरांनी गुडघ्यांवरून दम दिलेला, दुसऱ्याला कमरेवरून. खरं बाहेर आलं तर दोघांच्याही फावड्यांना कुलूप. सून हसू दाबत ताटं उचलायला लागली. हे सगळं तिने नंतर सांगितलं. तेव्हा का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाली, तुम्ही घरात असता तेव्हा एक जण माझी नहाणी तपासतो आणि दुसरा मला पाठ ताठ ठेवायला सांगतो. सहा आठवडे निवांत गेले माझे.

सहाव्या आठवड्यात मात्र बागेच्या अधिकारी बाईंनी फाटकावर कागद लावला. पाचव्या वळणावर पडून तीन जण जखमी झाले आहेत. येत्या शुक्रवारी सकाळी त्या स्वतः येतील आणि टँकरने वळणावर पाणी सोडतील. दहा मिनिटांनंतर पाणी साचलेलं दिसलं, तर सायकलींची वाट कायमची बंद करून तिथे सिमेंटच्या पायऱ्या होतील.

फरशीवाल्यांनी तो कागद दोनदा वाचला. पायऱ्या! म्हणजे सायकली गेल्या, टोळी गेली, काका-काका गेलं. परत स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. फोटोवाल्याने विचारलं, “काका, आता काय करायचं?” तेव्हा ते कागद तिसऱ्यांदा वाचायला लागले.

मग त्यांनी ठरवलं, चोर पकडायचा. आधी चोर, मग चर.

सोमवारी सकाळी जाऊन बघितलं, चर शाबूत. मंगळवारी शाबूत. बुधवारी उजाडताना फरशीवाले घडीचं स्टूल आणि थर्मास घेऊन पाचव्या वळणाच्या झुडपामागे बसले. स्टूल बुटकं, गुडघे जवळजवळ कानाशी. तास झाला. झुडपातल्या मुंग्यांनी त्यांची एकदा पाहणी केली, मग आपल्या नातेवाइकांना बोलावून आणलं. फरशीवाले हलले नाहीत.

आणि मग वाटेवरून शिट्टी ऐकू आली.

दोन-दोनच्या रांगेत बारा निवृत्त माणसं चढ चढत होती. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. चौघांनी मैदानावरचा लोखंडी रोलर दोराने ओढत आणलेला. एकाच्या हातात फक्कीचा डबा. आणि पुढे, छाती काढून, सर!

“तुकडी, थांब!” सर कडाडले. “बघा. पुन्हा खणलंय. हे साध्यासुध्या माणसाचं काम नाही, दोरी लावून खणतोय तो. पण आपण हार मानायची का?”

“नाही!” बारा जण म्हणाले.

झुडपामागे फरशीवाल्यांच्या डोक्यात सहा आठवडे एका क्षणात फुटले. आता उठायचं, वाघासारखी झेप घ्यायची आणि म्हणायचं... काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. पण झेप घ्यायला आधी उठावं लागतं, आणि गुडघे म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. डावा हलेना, उजवा डाव्याकडे बघून हलेना. स्टुलासकट ते एकदा पुढे झुकले, एकदा मागे झुकले. शेवटी झुडपातून आवाज आला, “सर, जरा हात देता का?”

सरांनी फांद्या बाजूला केल्या. “व्याही! तुम्ही इथे?”

“फिरायला आलो होतो.”

“झुडपात?”

“आणि तुम्ही?”

“मीही फिरायलाच.”

“रोलर घेऊन?”

आता लक्षात घ्या, समोर दुसरं कुणी असतं तर त्या टेकडीवर त्या दिवशी दगड उडाले असते. पण मुलगा-सुनेचा संसार मध्ये उभा. त्यामुळे दोघं भांडले ते सगळं अहो-जाहोत. भांडणाचा आवाज खालच्या फाटकापर्यंत गेला आणि पहारेकऱ्याला वाटलं, वर कुणाचा तरी सत्कार चाललाय.

“आपल्यासारख्या जाणत्या माणसाने चर बुजवावा, सर?”

“आपल्यासारख्या कसबी माणसाने मैदान उकरावं, व्याही?”

“हे मैदान नाही हो! चढ आहे! पाणी उतरणार कुठून, आपल्या शिट्टीतून?”

“आणि आपला तो चर रोज आतून ढासळत होता, ते आपल्या पाणसळीला दिसलं नाही वाटतं? माती भुसभुशीत! दाबल्याशिवाय टिकेल का?”

“दाबा ना! दाबायला कोण नको म्हणतंय? पण सपाट दाबलं की तळं होतं, हे आपल्याला कुणी—” फरशीवाले बोलता बोलता थांबले. सरही थांबले. दोघांनी वळणाकडे बघितलं. चर ढासळत होता, हे खरं होतं. सपाटीवर पाणी साचत होतं, हेही खरं होतं. पण हे एकमेकांना सांगेल तो व्याही कसला?

“शुक्रवार परवा आहे,” सर म्हणाले. “पायऱ्या झाल्या तर माझे हे बारा जण परत बाकावर बसून औषधांच्या गप्पा मारतील. मी पण त्यांच्यातच.”

फरशीवाल्यांनी पिशवी पुढ्यात ओढली. पिशवीतून दोरी काढली आणि तिचं एक टोक सरांच्या हातात दिलं.

ते दोन दिवस! रविवारची टोळी फोन करून बोलावली. डॉक्टरीणबाई दवाखाना बंद ठेवून आल्या. फरशीवाल्यांचं म्हणणं साधं होतं. चर नकोच, अख्ख्या वळणालाच ढाळ देऊ, आतून बाहेर, हातभर रुंदीला दोन बोटं. सरांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक थर रोलरने दाबायचा. पण दोन साधी माणसं एकत्र आली की काम किती अवघड होतं ते तिथे बघायला हवं होतं. फरशीवाले “थोडं इकडे” म्हणायचे आणि सर शिट्टी वाजवून सगळ्यांना तिकडे न्यायचे. दर दहा फावड्यांनंतर सर दीर्घ श्वास घ्यायला लावायचे. फरशीवाले म्हणायचे, “सर, श्वास ते आपापले घेतील हो!” फोटोवाल्याला सरांनी सावधानमध्ये उभं केलं, तेव्हा मात्र फरशीवाल्यांना सर पहिल्यांदा आवडले.

रोलर तिरक्या ढाळावर चालवायचा म्हणजे वरच्या अंगाने आठ जणांनी दोर धरून ठेवायचा. गुरुवारी दुपारी आठापैकी एकाला शिंक आली. एकाची शिंक, पण दोर सुटला आठांच्या हातून. रोलर निघाला. लोक ओरडले, सर शिट्टी वाजवत मागे धावले. रोलरने सहावं वळण घेतलं, सातवं घेतलं, आणि सांगतो ते ऐका, एकाही सायकलवाल्याने आजवर इतकं व्यवस्थित वळण घेतलेलं नाही. खाली ‘सावकाश चालवा’ अशी पाटी आहे, तिथे त्याने वेग कमी केला आणि फाटकाशी येऊन पहारेकऱ्याच्या खुर्चीला अलगद टेकून उभा राहिला.

शुक्रवार उजाडला. अधिकारी बाई आल्या. हातात घड्याळ, काखेत फाइल. टँकर वरच्या रस्त्यावर उभा केला, पाइप सोडला. त्याच वेळी वरची टाकी भरून वाहायला लागली, म्हणजे परीक्षा दुप्पट. पाणी चौथ्यावरून आलं, पाचव्यावर पोहोचलं. सगळे श्वास रोखून. पाणी क्षणभर घुटमळलं, आणि ढाळ ओळखून निमूटपणे बाहेरच्या अंगाला वळून गवतात गेलं. बारा पेन्शनर टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बाईंनी पेन उचललं.

“हे काय?”

वळणाच्या पोटाशी तळहाताएवढं पाणी उभं होतं. रोलरच्या कडेने तिथे एक बारीक खळगा राहिला होता. घड्याळात नऊ मिनिटं.

“तळहाताएवढं तर आहे, मॅडम,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पुढच्या महिन्यात बादलीएवढं होईल.” बाईंनी फाइल उघडली.

हे अगदी खरं, आणि ते फरशीवाल्यांइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. एवढंसं पाणी राहिलं म्हणून त्यांनी आयुष्यभर लोकांच्या फरश्या उखडल्या होत्या. त्यांनी पिशवीतून थापी काढली. गुडघ्यांकडे बघितलं नाही. खाली बसले. उकिडवं नव्हे, सरळ दोन्ही गुडघे चिखलात टेकवून. गर्दीच्या मागे सून उभी होती, डबा घेऊन आली होती. तिच्या तोंडून “बाबा!” निघालं. फरशीवाल्यांना ऐकू आलं, पण त्यांनी मान वर केली नाही. थापीने बाहेरची कड दोन बोटं उतरवली, तीच माती खळग्यात भरली, थापीच्या पाठीने तीनदा दाबली. सरांनी न सांगता वरून टाच मारून ती पक्की केली. पाणी थरथरलं. मग त्याचा एक धागा सुटला, धाग्यामागे बाकीचं गेलं. घड्याळात दहा.

सरांनी हात दिला, सुनेने दुसरा दिला. दोघांनी मिळून फरशीवाल्यांना उभं केलं. सून कानाशी एवढंच म्हणाली, “घरी चला, मग बघते तुम्हाला. आणि पप्पा, तुम्हालाही.”

बाईंनी फाइल मिटली. “पायऱ्यांचा कागद मी काढून टाकते,” त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, “काका, आमच्या ऑफिसच्या नहाणीत पाणी साचतं हो. एकदा येऊन बघाल?”

बघाल का! फरशीवाल्यांनी खिशात हात घातला आणि ती हिरवी गोटी काढली. सगळ्यांच्या समोर पाचव्या वळणाच्या पोटाशी ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

गोटी हलली. घरंगळत बाहेरच्या कडेला आली, गवतात शिरली. लोकांना वाटलं, संपलं. पण ढाळ म्हणजे ढाळ, मंडळी! गोटी गवतातून बाहेर पडली, सहावं वळण, सातवं वळण, फाटक. पहारेकऱ्याने पाय उचलून तिला वाट दिली. रस्ता ओलांडला, तोही दोन्हीकडे बघून. औषधांच्या दुकानावरून गेली, शिंप्याच्या दुकानावरून गेली, आमच्या गल्लीत वळली. फरशीवाले मागोमाग, सर मागोमाग, बारा जण दोन-दोनच्या रांगेत मागोमाग. गोटी इमारतीत शिरली, दार उघडं होतं त्या घरात गेली, स्वयंपाकघर डावीकडे टाकून थेट नहाणीत, आणि एक्केचाळीस वर्षांच्या सवयीने जाळीच्या बरोब्बर मध्यावर जाऊन थांबली. अजून तिथेच आहे. विश्वास नसेल तर—

“बाबा,” शेडच्या दारातून सुनेचा आवाज आला. हातात डबा घेऊन ती केव्हाची उभी होती कोण जाणे. “आपलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तुम्ही दोन ठिकाणी थांबता चढताना. गोटी न थांबता चढली का?”